रोस्टरवरची बारावी मुलगी

प्रकरण मध्य न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातलं आहे. आई मूळची जळगावकडची, औषध कंपनीत नोकरी. बाबा पुण्याचे, आयटीत. लेक अकरा वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा सात. लेक काही वर्षं गावच्या रेक लीगमध्ये, म्हणजे गावातल्या मुलांच्या हौशी लीगमध्ये, सॉफ्टबॉल खेळत होती. गेल्या उन्हाळ्यात लीगच्या निवडक मुलींच्या ऑल-स्टार संघात तिची निवड झाली, तीही कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरनं टाकलेला चेंडू झेलणारी. जुलै संपता संपता तिनं जाहीर केलं, मला ट्रॅव्हल टीममध्ये जायचंय. ट्रॅव्हल टीम म्हणजे फी घेऊन बाहेरच्या स्पर्धांना जाणारा क्लबचा संघ, आणि त्याची निवड चाचणी म्हणजे ट्रायआउट. ऑल-स्टारमधल्या बऱ्याच मैत्रिणी ट्रायआउटला निघाल्या होत्या, हे त्यातलं मुख्य कारण. त्या ऑगस्टमध्ये या घरानं तीन क्लबांचे ट्रायआउट पाहिले, एक ऑफर नाकारली, एक नकार पचवला आणि एक जागा घेतली.

मी त्याच लीगमध्ये स्वयंसेवक आहे. मुलींच्या पाठीवर नंबर लावणं, मैदानावर चेंडू वेचणं, कोचच्या शेजारी बसून मार्कांचे कागद भरणं, सगळं केलेलं आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. क्लबांची नावं दिलेली नाहीत, आणि घरातल्या मंडळींची ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

आईच्या डोक्यातली निवड

आई शाळेत असताना खो-खो खेळत विभागापर्यंत गेलेली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची उतरंड तिच्या अंगात मुरलेली आहे. सॉफ्टबॉलही तिला नवा नव्हता. महाराष्ट्रात हा खेळ शाळा-कॉलेजांत खेळला जातो, त्यातल्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेले आहेत. तिच्या हिशेबी निवड म्हणजे वर समिती, खाली मुलं. समितीनं घेतलं तर आनंद, नाही घेतलं तर पुढच्या वर्षी.

अमेरिकेतल्या ट्रॅव्हल सॉफ्टबॉलला अशी उतरंडच नाही. यूएसए सॉफ्टबॉल, यूएसएसएसए, पीजीएफ अशा निरनिराळ्या संघटना आपापल्या स्पर्धा भरवतात. एकच संघ एका शनिवारी एकीच्या आणि पुढच्या शनिवारी दुसरीच्या स्पर्धेत उतरू शकतो. दहा-अकरा मुली, एक कोच, विमा आणि नोंदणीचे पैसे जमले की टीम उभी राहते. त्यामुळे शंभर मुलींचा, स्वतःचं इनडोअर सेंटर असलेला क्लबही ‘ट्रॅव्हल’ आणि दोन बाबांनी मिळून मे महिन्यात काढलेला संघही ‘ट्रॅव्हल’च. दोघांचे ट्रायआउट एकाच आठवड्यात. उन्हाळ्याचा हंगाम जुलैअखेर आटोपतो आणि ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षाचे संघ बांधायची एकच झुंबड उडते. कोचला मुलगी हवी असते, मुलीला जागा, आणि क्लबला फी भरणारं घर. हा बाजार आहे, आणि बाजारात जाताना प्रश्न विचारायला लाजायचं नसतं. एवढं आईच्या गळी उतरवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

बाबांचं वेगळंच. त्यांना आधी कॉलेजबद्दल ऐकायचं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं की सॉफ्टबॉलमध्ये स्कॉलरशिप मिळते. मिळते, खोटं नाही. पण डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, एका संघाला २०२४–२५ पर्यंत पूर्ण बारा स्कॉलरशिप देता येत, आणि त्या बारांचे तुकडे वीस-बावीस मुलींत वाटले जात. आता ती मर्यादा जाऊन बऱ्याच कॉलेजांना पंचवीस खेळाडूंची मर्यादा आली आहे. म्हणजे पैसे देण्याची मुभा वाढली, पण द्यायचे किती ते ज्याच्या त्याच्या खिशावर. शिवाय अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी डिव्हिजन वनच्या कोचला मुलीशी भरतीबद्दल बोलताच येत नाही, असा २०१८ पासूनचा नियम आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या आई-बाबांना जो क्लब ‘कॉलेज एक्स्पोजर’चं, म्हणजे कॉलेजच्या कोचच्या नजरेत येण्याचं, गाजर दाखवतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यातूनही मी निम्मं वजा करते.

वयोगटाची पायरी

लेक तेव्हा दहा वर्षांखालच्या गटातून बारा वर्षांखालच्या गटात, म्हणजे ट्वेल्व्ह-यूमध्ये जात होती. ही पायरी दिसते त्यापेक्षा उंच आहे. चेंडूचा घेर ११ इंचांवरून १२ इंचांवर जातो आणि पिचरचं अंतर ३५ फुटांवरून ४० फुटांवर. बारा इंची चेंडू साधारण १८० ते २०० ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. नावातल्या ‘सॉफ्ट’वर कुणी विश्वास ठेवू नये. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर एरवी बाद होते, पण तो चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस मोकळा असला किंवा दोन बाद झालेल्या असल्या, तर बॅटर पहिल्या बेसकडे धूम ठोकते, आणि सगळ्यांचे डोळे कॅचरकडे वळतात. गटातल्या निम्म्या मुली दुसऱ्या वर्षाच्या असतात, डोकंभर उंच. पहिल्या वर्षाच्या मुलीला ट्रायआउटमध्ये हे सगळं एकदम अंगावर येतं.

बॅगा मोजणारी आई

पहिला क्लब मोठा, नावाजलेला. एकाच वयोगटात त्याचे तीन संघ. ट्रायआउट संध्याकाळी साडेपाचला, दमट उकाड्यात. टेबलावर जन्मदाखल्याची प्रत, सह्यांचे कागद, मग सेफ्टी पिनांनी पाठीवर लावलेला कागदी नंबर, जो पहिल्या दहा मिनिटांतच घामानं लिबलिबीत झाला. मग स्टेशनं. होमपासून पहिल्या बेसपर्यंत ६० फूट धाव आणि हातात घड्याळ घेतलेला कोच. शॉर्टस्टॉपच्या जागेवरून प्रत्येकीला मोजके ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू, आणि पहिल्या बेसकडे फेक. आउटफील्डमध्ये उंच चेंडू. जाळीत बॅटिंग. पिचर आणि कॅचर शेवटी, वेगळ्या.

पालकांना कुंपणाच्या बाहेर उभं केलेलं. बाबा लेकीचा प्रत्येक चेंडू मोबाइलवर टिपत होते. आईनं मात्र मी सांगितलेलं काम केलं: तिनं बॅगा मोजल्या. जुन्या मुलींच्या बॅगांवर क्लबचं चिन्ह आणि जर्सीचा नंबर भरतकामानं काढलेला असतो, आणि त्या डगआउटच्या, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेच्या, जाळीला ओळीनं लटकत असतात. ज्या संघासाठी लेक आली होती त्याच्या डगआउटला अशा नऊ बॅगा होत्या. त्यातल्या दोन बॅगांना कॅचरचं हेल्मेट अडकवलेलं होतं.

रोस्टर, म्हणजे संघाची यादी, साधारण बारा-तेरा मुलींचं. नऊ आधीच ठरलेल्या असतील तर मैदानावरची ही सगळी धावपळ तीन-चार जागांसाठी. बहुतेक क्लब जुन्या मुलींना ट्रायआउटच्या आधीच जागा देऊन टाकतात. कित्येकदा बाहेरच्या एखाद-दुसऱ्या पिचरलाही खासगीत बोलावून पाहिलेलं असतं. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. वर्षभर खेळलेल्या मुलीला पुन्हा रांगेत उभं करणं तिच्यावरही अन्यायच आहे. मात्र नव्या पालकांना हे कुणी आपणहून सांगत नाही.

ऑफर त्याच रात्री फोनवर आली. लेकीचा फेकीचा हात चांगला आहे, चूक झाल्यावर ती मान खाली घालत नाही, आम्हाला ती आवडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होकार आणि पाचशे डॉलर डिपॉझिट, परत न मिळणारं. वर्षाची फी अडीच हजारांच्या घरात. प्रवास, हॉटेलं, पालकांची मैदानावरची प्रवेश फी वेगळी. काही स्पर्धा ठरवून दिलेल्या हॉटेलांतच राहायला लावतात, तेही यात धरायचं.

बाबा हरखले. घरात जे बोलणं झालं ते आईनं मला दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं.

“अगं, एवढं मोठं नाव आहे. आधी आत तर जाऊ दे. सीओईपीला नाही का, मिळेल ती ब्रँच घ्यायची, मग दुसऱ्या वर्षी बदलायची.”

“अरे, इथे ब्रँच बदलायला समोरची मुलगी जावी लागते. आणि ती कोचची आहे.”

हे तिला कळलं कारण होकार देण्याआधी तिनं कोचला फोन लावला होता. तिनं चारच गोष्टी विचारल्या. रोस्टर कितीचं होणार? त्यात कॅचर किती? आमची मुलगी आज तुमच्या यादीत कितवी आहे? आणि रविवारी ती कुठे असेल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, तो का ते सांगते. शनिवारी पूल सामने असतात. त्यांचे निकाल फक्त क्रमवारी लावतात, म्हणून बरेच कोच सगळ्यांना बॅटिंग देतात, जागा बदलून बघतात. रविवारी बाद फेरी. हरलात की गाडीत सामान. त्या दिवशी कोच त्याच्या मते सर्वोत्तम नऊ उतरवतो. त्यामुळे संघातली पहिली मुलगी किती खेळते हे विचारून काही कळत नाही, ती सगळीकडेच खेळते. बाराव्या मुलीचा रविवार कसा जातो यावरून संघ कळतो.

कोचनं सरळ उत्तरं दिली, याचं मला कौतुक आहे. रोस्टर तेरा. कॅचर दोन, पैकी एक माझी मुलगी. तुमची लेक बारावी. राइट फील्डला, म्हणजे उजवीकडच्या आउटफील्डला, खेळेल, कॅचिंगचा सराव तिच्याकडून करून घेऊ, रविवारी आम्ही जिंकायला खेळतो. यात त्यानं काहीही लपवलं नाही. एखादा कोच सांगत नसेल तर बहुधा त्याला कुणी विचारलेलं नसतं.

ट्रायआउटच्या गडबडीत लेकीला काय हवंय हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. मैत्रिणींसोबत जायचंय, यावर गाडी थांबली होती. आईनं त्या सकाळी विचारलं: राइट फील्डला उभी राहशील का वर्षभर, त्या मैत्रिणींसोबत? ती म्हणाली, “मला गिअर घालायचंय.” गिअर म्हणजे कॅचरचा मास्क, छातीवरचं कवच, पायांवरचे पॅड. अकरा वर्षांच्या मुलीकडून यापेक्षा स्पष्ट उत्तराची अपेक्षा करू नये.

साडेअकराला आईनं नकार कळवला. बाबा दोन दिवस घुश्शात.

नकार, आणि न लिहिलेला ईमेल

दुसऱ्या क्लबाची हकीकत लहान आहे. शेजारच्या गावातला जुना संघ, कॅचरची एक जागा खरोखरच मोकळी, त्यासाठी पाच मुली. बेस चोरायला, म्हणजे पिच पडताच पुढच्या बेसकडे, धावणाऱ्या मुलीला बाद करायला कॅचरला दुसऱ्या बेसपर्यंत फेकावं लागतं, आणि होमपासून ते अंतर जवळजवळ ८५ फूट. लेकीनं फेकलेला नवा जड चेंडू तिथपर्यंत पोचता पोचता दोन टप्पे घेत होता. बाकीच्यांपैकी दोघींचा एका टप्प्यात जात होता. तीन दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला.

बाबांनी त्या रात्री एक लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. त्यात लेकीची ऑल-स्टारची कामगिरी, तिचा बॅटिंगचा हिशेब आणि ‘निवडीचे निकष काय होते’ असा प्रश्न. मला वाचायला पाठवलं, म्हणाले, “ताई, भाषा बरोबर आहे ना, एवढंच बघा.” भाषा उत्तम होती. पण मी त्यांना ते पाठवू दिलं नाही. कोच मंडळी एकमेकांना ओळखतात. गावोगावचे तेच तेच लोक दर ऑगस्टला भेटतात, आणि असं पत्र एका संध्याकाळीत चार फोनांवर वाचलं जातं. मार्कांच्या कागदावर पालकांसाठी रकाना नसतो. पण समासात काहीतरी लिहिलेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याऐवजी लेकीनं स्वतः तीन ओळी लिहिल्या: संधीबद्दल आभार, मला अजून कॅचर व्हायचंय, मी कशावर काम करू? त्याच दिवशी उत्तर आलं. हाताची ताकद वयानं येईल, पाय आधी हलव. चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या हातमोज्यात, येता येताच उजवा पाय जागेवर यायला हवा. त्या कोचला हे लिहायला दोन मिनिटं लागली असतील. शिकवणीला हाच सल्ला साठ डॉलरना पडला असता.

नवा संघ

तिसरा संघ दोन पालकांनी नुकताच काढलेला. ट्रायआउटला सोळा मुली, त्यांतल्या अकरा घ्यायच्या. कॅचर एकच होती, दुसरी हवीच होती. शनिवार-रविवार मिळून पाच-सहा सामने, तेही उन्हात. एका मुलीच्या गुडघ्यांवर ते कोणताही शहाणा कोच टाकत नाही. लेकीला जागा मैदानावरच देऊ केली.

इथे आईची भीती निराळी होती, आणि रास्त. असे संघ मार्चमध्ये फुटतात. एक पिचर बाहेर पडली की दुसरीचे बाबा नाराज होतात, आणि भरलेली फी कुठे गेली ते कुणाला सांगता येत नाही. आईनं विचारलं: बँकेचं खातं कुणाच्या नावावर आहे, सह्या किती जणांच्या? संघ मोडला तर उरलेले पैसे परत मिळतील, असं लिहून द्याल का? कोचची पार्श्वभूमी तपासणी झाली आहे का? सेफस्पोर्टचं प्रशिक्षण? हे प्रशिक्षण डेन्व्हरच्या सेफस्पोर्ट केंद्राचं, मुलांशी गैरवर्तन ओळखायचं आणि रोखायचं कसं यावरचं. केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं. कोचनं ते पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र असतं, आणि ते बघायला मागण्यात काहीही वावगं नाही. एका कोचनं लगेच फोनवर दाखवलं. दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यानं आठवडाभरात करून पाठवलं. खातं एकाच्याच नावावर होतं. आईनं दुसरी सही घालायला लावली. हे बघून बाबांचा घुस्सा पहिल्यांदा जरा निवळला, कारण सोसायटीच्या हिशेबात त्यांनी हेच केलेलं होतं.

मग निघाला गणपती.

फॉल हंगामाच्या स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी असतात. इथल्या मंडळांचा गणेशोत्सवही तिथीपेक्षा सुट्टी बघून, शनिवारीच. लेक मंडळाच्या लेझीम पथकात. शिवाय रविवारी सकाळी मराठी शाळा. मराठी घरांत ट्रॅव्हल टीमची भांडणं फीवरून कमी आणि यावरून जास्त होतात, हे मी खात्रीनं सांगते. होकार देऊन बसल्यावर सप्टेंबरमध्ये ‘आमचा सण आहे’ म्हणून सांगणं, आणि होकाराच्या आधी तारीख हातात देऊन सांगणं, यात कोचच्या लेखी फार फरक असतो. आईनं आधी सांगितलं: हा एक वीकेंड ती येणार नाही, मराठी शाळा स्पर्धेच्या रविवारी बुडेल, एरवी बुडणार नाही. कोच म्हणाला, ठीक आहे, त्या वीकेंडला दुसरी मुलगी पाहुणी म्हणून घेऊ. मोठ्या क्लबाला हेच विचारलं असतं तर ‘कमिटमेंट’वर भाषण ऐकावं लागलं असतं, असा माझा अंदाज आहे. पण विचारलंच नाही, तेव्हा तो माझा पूर्वग्रह समजावा.

फी पहिल्या क्लबाच्या निम्म्याहून थोडी जास्त. चारशे डॉलरची नवी बॅट घ्यायची का, हा प्रश्नही याच आठवड्यात आला. पहिल्या वर्षाच्या मुलीला ती नको, असं माझं स्पष्ट मत. वर्षभरात उंची वाढली की बॅटची लांबी बदलते. एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीची वापरलेली मिळाली. मात्र कॅचरचा मिट नवा घेतला, बारा इंची चेंडूचा.

वर्ष कसं गेलं

संघ बरेच सामने हरला. फॉलमध्ये तर रविवारी दुपारी जेवायला सगळे घरी असायचे. हिवाळ्यात स्वतःचं इनडोअर सेंटर नसल्यानं भाड्याच्या जाळीत रात्री साडेआठचा सराव, धाकटा गाडीत झोपलेला. एका पिचरच्या घरानं वसंतात संघ सोडला. आईची भीती अगदीच फुकटची नव्हती. दोन सह्यांच्या खात्यामुळे त्या घराचे परतीचे पैसे वाद न होता ठरले, आणि संघ दहा मुलींवर तगला.

लेक जवळजवळ निम्म्या इनिंग गिअरमध्ये होती. चोऱ्या सुरुवातीला सगळ्या यशस्वी. जूनमध्ये दुसऱ्या बेसवर तिनं पहिली मुलगी बाद केली, तेव्हा फेक एका टप्प्यात गेली होती आणि उजवा पाय आधी पडला होता. हे मला बाबांनी व्हिडिओ मागे-पुढे करून दाखवलं. आता ते पाय बघतात.

तिच्या ऑल-स्टारमधल्या एका मैत्रिणीनं मोठ्या क्लबाची तीच जागा घेतली. बारावी, राइट फील्ड. तिचं वर्ष वाईट गेलं असं कुणी समजू नये. तिला तिथल्या मैत्रिणी हव्या होत्या, हिवाळाभर गरम सेंटरमध्ये बॅटिंग सुधारली, रविवारी बाकावर बसून ती सगळ्यात मोठ्यानं ओरडायची. तिच्या आईनंही आधी विचारून घेतलेलं होतं. तिच्यासाठी ती जागा योग्यच होती.

या ऑगस्टमध्ये नव्या संघातल्या तीन मुली फोर्टीन-यूमध्ये जात आहेत, तेव्हा तो टिकतो की नाही हे सांगता येत नाही. मोठ्या क्लबाच्या कोचची मुलगीही वयानं वर गेली. या वेळी फोन बाबांनी लावला, ट्रायआउटच्या दोन आठवडे आधी. कॅचर किती लागणार, जुन्या मुली किती परत येणार, ते विचारलं. कॅचरची एक जागा आहे आणि ती अजून कुणाला कबूल केलेली नाही, असं उत्तर आलं. गणेशोत्सवाची तारीखही त्यांनी त्याच फोनवर सांगून टाकली. कोच म्हणाला, कॅलेंडर बघून कळवतो. दोन्ही ठिकाणी नाव नोंदवलेलं आहे, आणि मोठ्या क्लबाचं डिपॉझिट कॅलेंडर हातात आल्याशिवाय भरायचं नाही, यावर घरात या वेळी एकमत आहे.